माझ्या गोष्टीत मी नव्हते

गोष्ट लिहिणारा आणि गोष्ट सांगणारा हे दोघे वेगळे असतात, हे मला वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी कळलं. सांगणाऱ्याला निवेदक म्हणतात. मोखाड्यात, माझ्याच खानावळीत, मी कणीक मळत असताना एका मॅडमनी मला हे सांगितलं. ऐकून मला फार बरं वाटलं. म्हणजे लिहायचं आपण, आणि नाव निवेदकाचं. अशी सोय असते तर! त्या सोयीचा मी काय उपयोग केला, एका मुलीच्या शाळेबद्दल काय लिहून बसले, ते आता सांगायचं आहे. धक्का अजून उतरलेला नाही. पोळी तव्यावर टाकते आणि उलटायची विसरते. जेवणारे ओरडतात, "काकू, वास येतोय!"

मी मंगळवेढ्याकडची. सपाट काळं रान, नजर जाईल तिथपर्यंत ज्वारी. सातवी झाली आणि माझी शाळा संपली, कारण आठवीची शाळा दुसऱ्या गावात होती आणि रोज सोडायला-आणायला घरात कुणाला वेळ नव्हता. कुणी मला रागावलं नाही, मारलं नाही. जूनमध्ये मैत्रिणी गेल्या आणि मी गेले नाही, एवढंच. पुढे लग्न झालं. मिस्टर सरकारी गाडीवर ड्रायव्हर, त्यांच्या बदल्या होत होत आम्ही या डोंगरात आलो. चौदा वर्षं झाली. एसटी स्टँडजवळ दोन खोल्या घेऊन मी खानावळ चालू केली. शिक्षक, क्लार्क, नर्सबाई, असे एकटे राहणारे लोक जेवायला येतात. या गावाने मला जगवलं, हे मी कधी विसरत नाही. पण अजूनही कुणी कागद पुढे करून "इथे वाचून सही करा" म्हटलं, की मी आधी पदराला हात पुसत राहते. आता हा ओळखणार, असं वाटतं. काय ओळखणार, ते मलाही सांगता येत नाही.

मॅडम इथल्या शाळेत मराठी शिकवतात. घर पुण्याकडे, इथे एकट्या. एकदा किराण्याच्या पुडीचा कागद मी सरळ करून वाचत बसले होते, तेव्हा त्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी कथांचं पुस्तक आणून दिलं. मग दुसरं, मग तिसरं. महिनाभराने म्हणाल्या, "नुसतं वाचू नका. गोष्ट कशी बांधलीय ते बघा. भाजी खाताना आपण फोडणी ओळखतो की नाही?"

असे माझे धडे सुरू झाले. दुपारी अडीचनंतर, शेवटचा जेवणारा उठला की. मॅडम ताटावर हात वाळवत बोलायच्या आणि मी भांडी आवरत ऐकायची. माझ्याबरोबर अक्का असायची. अक्का म्हणजे माझ्या हाताखाली काम करणारी बाई, पोशेऱ्याकडच्या एका पाड्यावरून रोज जीपने येणारी. मी तिला आमच्याकडच्या सवयीने अक्का म्हणते. ती मला ताई म्हणते. दोघी एकमेकींच्या थोरल्या, कारण तिचं खरं वय तिलाही नीट माहीत नाही. तिच्या घरची बोली वेगळी. माझ्याशी ती मराठी बोलते, पण आपल्या पद्धतीने, शब्द हवे तसे वाकवून.

कथानक म्हणजे काय ते मॅडमनी असं सांगितलं. सकाळी नळ गेला. दुपारी अक्का रुसली. ही नुसती यादी झाली. आता मध्ये 'म्हणून' घाला. नळ गेला म्हणून भांडी राहिली, भांडी राहिली म्हणून ताई अक्काला बोलल्या, म्हणून अक्का रुसली. हे कथानक.

"आन मी रुसले म्हणून ताईनं वडापाव आणला," अक्का मोरीतून म्हणाली. "ते पण लिवा."

"तो शेवट," मॅडम म्हणाल्या. "सुखांत."

"कुठला सुखांत? थंड होता."

असं चालायचं. पात्र कसं ओळखायचं, ते काय बोलतं यापेक्षा काय करतं यावरून. वातावरण म्हणजे नुसतं डोंगर-झाडी नव्हे, त्या खोलीत बसल्यावर जीव कसा होतो ते. संघर्ष म्हणजे मारामारी नव्हे. एकाला काहीतरी हवं असतं आणि मध्ये कोणीतरी किंवा काहीतरी येतं, तो संघर्ष. कलाटणी, उत्कर्षबिंदू. मी हे शब्द वहीत लिहून ठेवत होते आणि रात्री मिस्टरांना ऐकवत होते. ते म्हणायचे, "चांगलंय. मला वाढ."

डिसेंबरात मॅडम म्हणाल्या, आता तुम्ही एक गोष्ट लिहा. जव्हारच्या वाचनालयात एका रविवारी दुपारी नव्या लिहिणाऱ्यांचं वाचन होतं, तिथे वाचायची. मी नको नको म्हणाले आणि त्याच रात्री लिहायला बसले. काय लिहायचं ते मला आधीच माहीत होतं. अक्काची मुलगी. तीन वर्षांपूर्वी तिची शाळा आठवीनंतर सुटली होती. पाड्याजवळची शाळा आठवीपर्यंतच, पुढे वसतिगृह असलेल्या शाळेत प्रवेश घ्यायचा होता, तो झाला नाही. त्या वर्षी ती बापाबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर गेली आणि परत आली ती वेगळीच होऊन, न बोलणारी. आता सतरा वर्षांची आहे, मोगऱ्याच्या वाडीत कळ्या खुडायला जाते. माझी शाळा सुटली तशीच तिची सुटली, म्हणून मला ती आपली वाटायची. वाईट वाटायचं मला तिच्याबद्दल, अगदी मनापासून वाटायचं. हे मुद्दाम लिहिते आहे.

गोष्टीत मी सर्वज्ञ निवेदक घेतला. म्हणजे सगळ्यांच्या मनातलं ज्याला कळतं तो. संघर्षासाठी मध्ये कोणीतरी आणायचं होतं. मी बाप आणला. बाप दारू पिऊन येतो, मुलगी दाखला छातीशी धरून उभी असते, तो हिसकावून घेतो आणि चुलीत टाकतो. आई गप्प बसून रडते. मॅडमनी वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. "दाखला जळतो हा उत्कर्षबिंदू फार छान साधलाय हो," म्हणाल्या. त्या दिवशी मी आनंदाने वरणात दोनदा मीठ घातलं.

वाचनाच्या आधीच्या बुधवारी मी ती गोष्ट अक्काला ऐकवायची ठरवली. तिला आवडेल असंच वाटत होतं. दुपारचे तीन वाजले असतील. आम्ही दोघी जमिनीवर बसून नागली, म्हणजे नाचणी, निवडत होतो.

"अक्का, गोष्ट वाचते, ऐक."

तिने सूप बाजूला ठेवलं. "थांब मंग. मी हूं म्हणते."

त्यांच्या पाड्यावर गोष्ट सांगताना समोर एकजण हूं म्हणायला बसतो. सांगणारा दोन वाक्यं सांगतो, हा हूं म्हणतो, मग पुढचं. हे मला ठाऊक होतं. मला वाटायचं, ऐकणारा जागा आहे हे कळावं म्हणून असेल. अक्का म्हणाली होती एकदा, "आमच्याकडं सांगणाऱ्याला कोण नाय बघत. हूं कोण म्हणतो ते बघतात." ते मी हसण्यावारी नेलं होतं.

मी वाचायला लागले. डोंगर, पाडा, शाळेची घंटा. हूं. मुलगी अभ्यासात हुशार. हूं. आठवीचा निकाल. हूं. जून आला. हूं. संध्याकाळी बाप झोकांड्या खात आला.

हूं आलं नाही.

मी वर पाहिलं नाही. मला वाटलं, ती हेलावली. मी आवाज आणखी भरून पुढे वाचत गेले, दाखला चुलीत गेला, आई रडली, ओसरीवरचा दिवा विझला, संपलं. मग पाहिलं तर अक्का नागली निवडत होती. खडे एका बाजूला, दाणे एका बाजूला.

"कशी आहे?"

"मी मगाशीच थांबले. तू नाय थांबलीस."

"म्हणजे?"

"हूं थांबलं का सांगणाऱ्यानं थांबायचं. मागं जायचं, जिथं चुकलं तिथं. मंग तिथनं नीट सांगायचं. तू तशीच पुढं."

"चुकलं कुठे?"

"बाप दारू पिऊन आला तिथं."

मला बरं वाटलं, एवढंच ना. मी समजावलं, "अगं, तो तुझा नवरा नाही. ते पात्र आहे. गोष्टीतलं."

"पाडा आमचा, पोरगी आमची, पाण्याचा व्हाळ आमचा. नवरा तेवढा कुठला आणलास?"

मी हसले. ती हसली नाही.

"तो तवा भिवंडीला व्हता, गोदामात. दोनदा फोन केला त्यानं, पोरगी लागली का शाळेला म्हणून. दारू पितो तो, पण त्या दिशी तिथं पीत असंल. इथं नाय. आन दाखला कुणी जाळला? दाखला पेटीत हाय माझ्या."

"मग प्रवेश का नाही झाला गं?"

अक्काने माझ्याकडे पाहिलं. थट्टा चालली आहे का, असं पाहिलं. मग तिच्या लक्षात आलं की मी खरंच विचारते आहे.

"तुला नाय ठावं?"

"नाही."

"ताई, तू म्हणालीस ना, आजचा दिवस थांब."

ती सांगत गेली, अगदी साध्या आवाजात. जूनमध्ये शिक्षकांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं आणि चाळीस माणसांचं जेवण माझ्याकडे होतं. ती सकाळी आली ती दाखला पिशवीत घालूनच. मला म्हणाली, पालकाची सही आजच पाहिजे, अकराच्या जीपने जाते. मी म्हणाले, "आजचा दिवस थांब गं. शाळा काय पळून जाते का? मी फोन करून सांगते तिथे." ती थांबली. संध्याकाळपर्यंत पुऱ्या लाटल्या. दुसऱ्या दिवशी गेली तर वसतिगृहाच्या जागा भरल्या होत्या. फोन तिथे कुणालाच आला नव्हता.

मी म्हणणार होते, असं झालंच नाही. पण ती बोलत असताना मला तो दिवस आठवत होता. पूर्ण आठवत होता. पुरी-भाजी होती, शिरा होता. शिऱ्यात केळं घातलं होतं आणि एका मोठ्या साहेबांनी आत येऊन विचारलं होतं, शिरा कुणी केला. तो शिरा मला तीन वर्षं आठवत होता. किती वेळा सांगितलाय मी तो लोकांना! आणि त्याच स्वयंपाकघरात पिशवी धरून उभी असलेली अक्का मला आठवत नव्हती. फोन करते म्हणाले, हे तर कितीही खणलं तरी सापडत नाही. आजही नाही. माझ्या तोंडून निघालेलं वाक्य मला दुसरीच्या तोंडून ऐकावं लागलं.

"पोरीला माहीत आहे?" मी विचारलं.

"नाय. तिला मी सांगितलं, माझाच विसर पडला. तवापास्नं ती माझ्याशी कामापुरतं बोलते. पाणी भर, भात घाल, एवढंच."

"खरं का नाही सांगितलंस?"

"सांगून? ती तुझ्याकडं आली असती भांडायला." तिने सूप पाखडलं. "आन तू वाईट नायस."

यापेक्षा तिने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी वही मिटली. पाचला ती नेहमीसारखी पदर खोचून जीपला गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. फोन बंद.

शुक्रवारी मी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी घास हातात धरून ऐकलं आणि मी थांबताच म्हणाल्या, "अहो, हा तर अविश्वसनीय निवेदक! ज्याच्या सांगण्यावर वाचकाने भरवसा ठेवायचा नाही, असा. मी हा शब्द तुम्हाला पुढच्या महिन्यात शिकवणार होते." त्यांचा चेहरा उजळला होता. एका मुलीची शाळा, तीन वर्षांचा अबोला, आणि यांना शब्द जुळल्याचा आनंद! पण मग वाटलं, मीसुद्धा महिनाभर तेच करत होते की. जळता दाखला छान साधला म्हणून वरणात दोनदा मीठ.

मॅडमच्या बहुतेक ते लक्षात आलं. हातातला घास त्यांनी ताटात ठेवला.

"कुठलं प्रशिक्षण?" त्यांनी विचारलं. "तीन वर्षांपूर्वीचं, जूनमधलं?"

"हो."

"मी होते त्याला. मी तीन पुऱ्या जास्त घेतल्या होत्या."

मी म्हणाले, "मॅडम, मी रविवारी वाचणार नाही."

"दुरुस्त करून वाचा. प्रथमपुरुषी करा. 'मी' वापरून."

"मग ती आणखी चांगली होईल ना?"

"हो, खूप," त्या म्हणाल्या आणि लगेच मान खाली घातली. नाही वाचायची, हे दोघींनाही पटलं.

रविवारी जव्हारला न जाता मी पोशेऱ्याकडची जीप धरली. चौदा वर्षांत अक्काच्या घरी मी पहिल्यांदा चालले होते. ती माझ्या घरी रोज. हे जीपमध्ये बसल्यावर सुचलं आणि उतरून परत जावंसं वाटलं. जीपमधल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "कुणाकडं?" मी अक्काचं नाव सांगितलं. "पाहुणी का?" म्हणाला. काय सांगावं कळेना, मी हो म्हणाले.

घर कुडाचं, सारवलेलं. अक्का दारातच होती, अंगावर गोधडी. मला पाहून दचकली. "ताप व्हता," म्हणाली. खरंच होता की नव्हता, मी विचारलं नाही. मुलगी नुकतीच वाडीतून आली होती. हाताला मोगऱ्याचा वास असेल असं मला वाटलं होतं. घामाचा होता. तिने मला ओळखलं, पाट दिला आणि आईकडे न बघता म्हणाली, "चहा ठेव." आईला असं, सतरा वर्षांच्या पोरीने. अक्का उठायला लागली.

"चहा नको," मी म्हणाले. "मला तुझ्याशी बोलायचंय."

"माझ्याशी?"

अक्काने मला हाताने नको नको केलं. मी सांगितलं. आठवले तेवढे शब्द जसेच्या तसे सांगितले, न आठवलेल्या फोनचंही सांगितलं. जीपमधून येताना सगळं नीट मनात जुळवून ठेवलं होतं, कुठून सुरू करायचं, कुठे थांबायचं. तसं काहीच झालं नाही. मध्येच पुऱ्या, मग शिरा, मग परत सकाळ. शेवटी म्हणाले, "तुझी आई विसरली नव्हती. ती पिशवी घेऊन उभी होती. मी थांबवलं."

मुलगी पाटाकडे बघत होती. मला वाटलं, आता माझ्यावर ओरडेल. त्यासाठीच मी आले होते, हे आता कळतंय. ओरडली असती तर माझं काम झालं असतं, मोकळी होऊन चारच्या जीपने परत आले असते. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. त्या नजरेत राग होता, पण थोडाच, जीप न थांबवता पुढे नेणाऱ्या ड्रायव्हरवर असतो तेवढा. मग ती आईकडे वळली.

"तू थांबलीस कशाला?"

अक्काने गोधडी अंगाभोवती ओढून घेतली.

"ती म्हणाली थांब, आन तू थांबलीस?"

"चाळीस माणसं व्हती..."

पुढचं त्यांच्या बोलीत. भराभर. मला चार शब्दांतला एक कळत होता. वीटभट्टी कळलं. तीन पावसाळे कळलं. माझं नाव नाही, पण 'ताई' दोन-तीनदा आलं आणि दर वेळी वेगळ्या सुरात. मी उठून बाहेर गेले, तरी कुणी बस म्हणालं नाही. अंगणात पाण्याचे दोन ड्रम होते, त्यांच्याजवळ उभी राहिले. आत मुलीचा आवाज चढला, मग अक्काचा. अक्काला असं ओरडता येतं, हे मला माहीतच नव्हतं. माझ्याकडे ती कधी ओरडली नव्हती. तीन वर्षांचं 'पाणी भर, भात घाल' जाऊन आत नुसता गोंधळ चालला होता. भांडं आपटल्याचा आवाज आला. शेजारची एक बाई कुंपणापाशी येऊन मला म्हणाली, "बोलायला लागल्या का?" मी मान हलवली. ती तिथेच थांबून ऐकायला लागली, अगदी उघडपणे.

चारची जीप वरच्या रस्त्याने हॉर्न वाजवत गेली. मी हलले नाही. आपण इथे कशाला थांबलोय, ते मला सांगता आलं नसतं. कुणी थांबवलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने अक्का बाहेर आली. केस सुटलेले, डोळे लाल. मला पाहिलं, पण माझ्यापाशी आली नाही. ड्रमचं झाकण सरकवून तिने तांब्या बुडवला, उभ्या उभ्या सगळं पाणी प्याली, तोंड पुसलं आणि पुन्हा भांडायला आत गेली.